होस्ट बदलण्याआधी: साईट नेमकी कुठे पडते आणि ९९.९ टक्क्यांत काय मिळतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वर्डप्रेसवर चालणारं छोटं ऑनलाइन दुकान, शेअर्ड होस्टिंग (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साईट). गेल्या महिन्यात साईट दोनदा बंद पडली. एकदा पंचवीस मिनिटं, एकदा तब्बल साडेतीन तास. तक्रार केल्यावर होस्टिंगवाल्यांनी ९९.९ टक्के अपटाइमची, म्हणजे साईट चालू राहण्याच्या वेळेची, हमी दाखवली, पुढच्या बिलात किरकोळ सूट दिली आणि तक्रारीचं तिकीट बंद केलं. आता होस्ट बदलावा का, आणि अपटाइमचं एवढं मनावर घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

मनावर घ्यायलाच हवं. होस्ट मात्र इतक्यात बदलू नका. आधी ते साडेतीन तास नेमकं काय बंद होतं ते शोधून काढा. साईट पडली की पहिला राग होस्टवर निघतो. मग माणूस सगळं बाडबिस्तर उचलून दुसरीकडे जातो आणि दोन-तीन महिन्यांत साईट तिथेही तशीच पडते, कारण दुखणं तो सोबतच घेऊन गेलेला असतो.

आधी आकडा उलगडून पाहू. ३० दिवसांच्या महिन्यात ४३,२०० मिनिटं असतात. त्यांचा ०.१ टक्का म्हणजे ४३ मिनिटं. म्हणजे ९९.९ टक्क्यांची हमी देणाऱ्याने महिन्याला जवळपास पाऊण तास आणि वर्षाला पावणेनऊ तास बंद पडायची मुभा आधीच मागून घेतलेली असते. ९९ टक्के म्हटलं तर महिन्याला सात तासांहून जास्त. ९९.९९ म्हटलं तर महिन्याला चार मिनिटं आणि वर थोडे सेकंद. तुमचे दोन्ही प्रसंग मिळून तीन तास पंचावन्न मिनिटं होतात, म्हणजे त्या महिन्याचा अपटाइम निघतो साधारण ९९.४६ टक्के. परीक्षेत हा आकडा कौतुकाचा ठरला असता. दुकानाच्या हिशेबात मात्र तो अख्ख्या दुपारच्या ऑर्डरी बुडाल्याचा आकडा आहे.

शिवाय टक्केवारीला वेळेचं भान नसतं. रात्री तीनची चाळीस मिनिटं आणि सेलच्या पहिल्या तासातली चाळीस मिनिटं तिच्या लेखी सारखीच.

आता हमीचा कागद बारीक अक्षरांसकट वाचा. बहुतेक ठिकाणी आधी जाहीर केलेली देखभालीची वेळ मोजत नाहीत. मोजमाप त्यांच्या स्वतःच्या यंत्रणेचं धरतात. सर्व्हर आणि नेटवर्क चालू असेल तर तुमचं पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत चालतं ती) किंवा तुमचं प्लगइन (वर्डप्रेसला जोडलेला जास्तीचा प्रोग्राम) कोसळलं तरी त्यांच्या लेखी अपटाइम १०० टक्के. आणि भरपाई म्हणजे होस्टिंगच्या शुल्काचा काही हिस्सा; बुडालेल्या विक्रीशी त्याचा काही संबंध नाही. मोठ्यांकडेही रीत हीच आहे. ॲमेझॉनच्या ईसी२ या भाड्याने सर्व्हर देणाऱ्या सेवेची प्रादेशिक हमी ९९.९९ टक्क्यांची आहे. त्याखाली गेलं तर १० टक्के क्रेडिट (बिलातली वजावट), ९९ च्या खाली ३० टक्के, आणि पूर्ण क्रेडिट मिळायला महिन्याचा अपटाइम ९५ टक्क्यांच्या खाली जावा लागतो. ९५ टक्के म्हणजे महिन्यात ३६ तास बंद! तेही आपोआप मिळत नाही, मुदतीत दावा करावा लागतो. म्हणून मी या हमीकडे बिलातल्या सवलतीचा नियम म्हणूनच पाहतो. त्यावरून सेवा किती भरवशाची आहे हे ठरवत नाही.

आणखी एक हिशेब लोक सहसा करत नाहीत. ग्राहकाची ऑर्डर पूर्ण व्हायला डीएनएस (साईटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधणारी यंत्रणा), सर्व्हर, डेटाबेस आणि पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घेणारी सेवा) हे सगळे एकाच वेळी चालू असावे लागतात. समजा डीएनएस ९९.९९ टक्के आणि बाकीचे तिघे प्रत्येकी ९९.९ टक्के वेळ चालू असतात. एकमेकांशी संबंध नसताना ते आपापल्या वेळी पडले, तर गुणाकार येतो ९९.६९ टक्के, म्हणजे महिन्याला सव्वादोन तास. प्रत्येकाने आपला शब्द पाळला तरी तुमच्या वाट्याला येतात सव्वादोन तास. जितकी बाहेरची कामं साईटला जोडाल, म्हणजे चॅटची खिडकी, शिपिंगचे दर आणणारं प्लगइन, फॉन्ट, ट्रॅकिंग, तितका हा गुणाकार खाली येतो.

शेअर्ड होस्टिंगवर साईट पडण्याचं जे कारण मला सर्वांत जास्त दिसतं, ते जरा जवळून पाहा. तुमच्या खात्याला एका वेळी ठराविक इतक्याच पीएचपी प्रक्रिया चालवता येतात, समजा २०. नेहमीची विनंती दोन सेकंदांत संपत असेल तर सेकंदाला दहा विनंत्या सुखाने पार पडतात. छोट्या दुकानाला हे भरपूर झालं. आता शिपिंगचे दर आणणारं प्लगइन दर वेळी बाहेरच्या एका सेवेला विचारतं, आणि ती सेवा त्या दुपारी अडकली. प्लगइनमध्ये थांबण्याची मर्यादा ३० सेकंदांची ठेवलेली आहे. म्हणजे कार्ट उघडणाऱ्या प्रत्येक ग्राहकामागे एक प्रक्रिया ३० सेकंद नुसती ताटकळते. तीस सेकंदांच्या आत वीस जणांनी कार्ट उघडलं की बस्स, एकविसाव्याला ५०३ किंवा ५०८, म्हणजे ‘आत्ता जागा नाही’ अशा अर्थाचा एरर. तो पान पुन्हा पुन्हा रिफ्रेश करतो आणि रांग आणखी लांबते. सर्व्हर ठणठणीत, सीपीयू जवळपास रिकामा, होस्टच्या आलेखावर हिरवी सरळ रेघ, आणि तुमचं दुकान बंद. सपोर्टवाला ‘आमच्याकडून सगळं ठीक आहे’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो.

अशा वेळी महागडा प्लॅन घेऊन २० च्या ४० प्रक्रिया केल्या तर साईट जरा उशिरा पडेल, एवढंच. खरा इलाज म्हणजे बाहेरच्या सेवेसाठी थांबण्याची मर्यादा दोन-तीन सेकंदांवर आणणं, दर कॅशेत (तात्पुरत्या साठ्यात) ठेवणं, आणि सेवा मिळाली नाही तर ठरलेला एकच दर दाखवून ऑर्डर पुढे जाऊ देणं. सगळ्या ग्राहकांना एकाच मिनिटाला सेलचा मेल पाठवणं हाही याच दुखण्याचा भाऊ. तो टप्प्याटप्प्याने पाठवा. होमपेज कॅशेतून जातं, पण कार्ट आणि चेकआउट जात नाहीत, हे मार्केटिंगवाल्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

दुसरं नेहमीचं कारण, जागा भरणं. बॅकअपचं प्लगइन रोजचा बॅकअप त्याच खात्यात साठवत राहतं, कुणी जुने काढत नाही, आणि एक दिवस डिस्कचा कोटा संपतो. मग नवी ऑर्डर नोंदवली जात नाही, सेशनची फाईल लिहिली जात नाही, मेल येणं थांबतं. पानं मात्र उघडत राहतात, त्यामुळे साईट चालू आहे असंच वाटतं. जागा शिल्लक दिसत असेल तर फायलींच्या संख्येची मर्यादाही बघा. लाखो बारीक कॅशे फायलींनी ती आधी भरते.

डोमेन (साईटचं नाव) आणि सर्टिफिकेट (ब्राउझरशी सुरक्षित जोडणीचा दाखला) या दोन गोष्टींवर फार बोलायला नको, पण त्यांची मुदत संपून पडलेल्या साईट अजूनही येतात. डोमेनची मुदत संपल्याची पत्रं बहुधा नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या मेलवर जात असतात. डॉट कॉमसारख्या नावांना मुदतीनंतर काही दिवसांची सवलत मिळते. ती गेली की ३० दिवसांचा रिडेम्प्शनचा काळ, त्यात जास्तीचं शुल्क भरून नाव सोडवता येतं; मग पाच दिवसांनी नाव कुणालाही मोकळं. सर्टिफिकेटचं तर आता हाताने करण्याचे दिवसच संपले. लेट्स एन्क्रिप्टच्या मोफत सर्टिफिकेटांची मुदत बरीच वर्षं ९० दिवसांचीच आहे, आणि सार्वजनिक सर्टिफिकेटांसाठी ठरलेली कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २००, २०२७ च्या मार्चपासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर येते. नूतनीकरण आपोआप होतंय ना, एवढं एकदा खात्रीने बघून घ्या.

होस्टची चूक कधीच नसते, असं अजिबात नाही. मोठमोठे पडलेत. २८ फेब्रुवारी २०१७ ला ॲमेझॉनच्या एस३ या फायली साठवण्याच्या सेवेत एका कर्मचाऱ्याने आज्ञा देताना एक आकडा चुकीचा टाकला, ठरल्यापेक्षा जास्त सर्व्हर काढले गेले आणि सुमारे चार तास अर्धं इंटरनेट खोळंबलं. त्यातली माझ्या लक्षात राहिलेली गोष्ट वेगळी आहे. सेवांची स्थिती दाखवणारं त्यांचं पानही एस३ वरच अवलंबून होतं, म्हणून बराच वेळ तिथे हिरवे ठिपके दिसत राहिले. फेसबुकने ४ ऑक्टोबर २०२१ ला देखभालीच्या एका आज्ञेपायी आपलं अंतर्गत जाळंच तोडून घेतलं. डीएनएसचे पत्ते इंटरनेटवरून गायब झाले, आणि दुरुस्तीची साधनंही त्याच जाळ्यावर असल्याने काम आणखी लांबलं. तुमच्या दुकानापुरता याचा अर्थ सरळ आहे: आग लागल्याची खबर देणारी घंटा त्याच घरात बांधू नका. साईट बंद पडल्याचा इशारा त्याच डोमेनच्या, त्याच सर्व्हरवरच्या मेलवर येणार असेल, तर तो साईट चालू झाल्यावर येईल. इशारा फोनवर हवा, एसएमएस किंवा ॲपच्या सूचनेतून.

निगराणी लावताना आणखी दोन गोष्टी. एक, नुसतं ‘साईट उत्तर देते का’ विचारणं पुरेसं नाही. होमपेज कॅशेतून झकास उघडतं आणि चेकआउट मेलेलं असतं. म्हणून चेकआउटच्या पानावर नेहमी असणारा एखादा शब्द सापडतो का, अशी तपासणी लावा. दोन, तपासणीतलं अंतर. दर पाच मिनिटांनी बघणाऱ्या मोफत सेवेला दोन तपासण्यांच्या मधली चार मिनिटांची बंदी दिसतच नाही. अशा सेवेच्या अहवालावर कुणी ९९.९९ चा दावा केला तर हसून सोडून द्या. तुमच्या दुकानाला एक मिनिटाचं अंतर आणि दोन-तीन वेगवेगळ्या देशांतून तपासणी एवढं पुरे.

आता साईट प्रत्यक्ष पडते तेव्हा काय करायचं. पहिलं, मोबाईल डेटावरून उघडून बघा. तिथे उघडली तर साईट फक्त तुमच्यापुरती बंद आहे. याचं एक नेहमीचं कारण ऐकून लोकांना विश्वास बसत नाही: मेलचा पासवर्ड बदललेला असतो, पण ऑफिसातल्या कुठल्या तरी फोनमध्ये जुनाच राहिलेला असतो. तो फोन दर काही मिनिटांनी चुकीचा पासवर्ड पाठवत राहतो आणि सर्व्हरचा फायरवॉल अख्ख्या ऑफिसचा आयपी पत्ता अडवतो. बाहेर सगळ्यांना साईट दिसत असते, आणि ऑफिसात बोंबाबोंब.

सगळीकडेच बंद असेल तर चूक काय दिसते ते शब्दशः वाचा आणि स्क्रीनशॉट घ्या. नावच सापडत नाही असं ब्राउझर म्हणत असेल तर डोमेन किंवा डीएनएस. नुसतंच फिरत राहून वेळ संपत असेल तर सर्व्हर, नेटवर्क किंवा फायरवॉल. ५०० असेल तर बहुधा तुमचा कोड; आदल्या रात्री काय अपडेट झालं ते आठवा, प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदलून बघा. ५०२ किंवा ५०४ म्हणजे पीएचपी मरतंय किंवा फार वेळ घेतंय. ५०३, ५०८ म्हणजे बहुतेक वर सांगितलेली मर्यादा. डेटाबेसशी जोडता येत नाही असं वर्डप्रेस म्हणत असेल, आणि तुम्ही पासवर्ड बदललेला नसेल, तर होस्टला लगेच कळवा. तिकिटात ‘साईट चालत नाही’ एवढंच लिहू नका. वेळ, पत्ता, दिसलेली चूक आणि कुठून तपासलं ते लिहिलंत तर पहिल्या पायरीवरच्या माणसाला टाळाटाळ करणं अवघड जातं.

आणि एक गोष्ट करू नका: घाबरून कालचा बॅकअप चढवू नका. दुकानाच्या साईटवर कालचा डेटाबेस चढवणं म्हणजे आजच्या सगळ्या ऑर्डरी आपल्या हाताने पुसणं. फायली परत आणायच्या असतील तर फक्त फायली आणा. डेटाबेसला हात लावण्याआधी आहे त्या स्थितीची प्रत घ्या, मग ती बिघडलेली का असेना.

बॅकअपचा विषय निघालाच आहे तर ओव्हीएच या होस्टिंग कंपनीतली आग आठवा. १० मार्च २०२१ ला स्ट्रासबर्गमधल्या त्यांच्या डेटा सेंटरची एक इमारत जळून खाक झाली. ज्यांचा बॅकअप दुसऱ्या शहरात होता ते परत उभे राहिले; ज्यांचा तिथेच होता त्यांचं दोन्ही गेलं. गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेचं प्रकरण मला त्याहून बोधक वाटतं. ३१ जानेवारी २०१७ ला तिथे चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला गेला, आणि मग लक्षात आलं की बॅकअपच्या पाच पद्धतींपैकी एकही धड चालत नव्हती. एका अभियंत्याने सुमारे सहा तास आधी हाताने घेतलेली प्रत होती म्हणून ते वाचले. त्यांनी हे सगळं उघडपणे मांडलं, हे कौतुकास्पद. तुम्ही एवढंच करा: बॅकअप होस्टच्या बाहेर, वेगळ्या खात्यात ठेवा, आणि दर तीन महिन्यांनी एकदा तो रिकाम्या जागी चढवून साईट उभी राहते का ते घड्याळ लावून बघा. लागलेला वेळ हा तुमचा खरा आकडा. अख्खा सर्व्हर गेला तर तुम्ही किती तासांत परत याल, हे तुम्हाला त्यावरून कळेल, होस्टच्या ९९.९ वरून कधीच कळणार नाही.

बंद पडल्याने किती नुकसान होतं, हेही विचारलंय. शोधातल्या स्थानाची भीती उगाच बाळगू नका. काही तास ५०३ मिळालं तर गूगलचा बॉट (साईट वाचत फिरणारा प्रोग्राम) वेग कमी करतो आणि नंतर परत येतो. दिवसचे दिवस तेच मिळत राहिलं तर पानं यादीतून गळू लागतात. मात्र ‘देखभाल चालू आहे’ असं पान २०० (‘सगळं ठीक’) या कोडसह देऊ नका. बॉट तेच तुमचं खरं पान समजतो. मेलचंही तसंच. सर्व्हर काही तास बंद असला तर पाठवणारे सर्व्हर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात, साधारणपणे चार-पाच दिवस. खरा घोळ पैशांत होतो. ग्राहकाने पैसे भरले, गेटवेने तुमच्या साईटला वेबहुकने (आपोआप जाणाऱ्या संदेशाने) निरोप पाठवला, आणि साईट नेमकी तेव्हाच बंद. पैसे कापले गेले, ऑर्डरची नोंद नाही. गेटवे काही वेळा पुन्हा प्रयत्न करतात, पण त्यावर विसंबू नका. त्या साडेतीन तासांच्या गेटवेच्या नोंदी आणि तुमच्या ऑर्डरी आजच एकमेकांशी ताडून बघा. ग्राहकाने विचारण्याआधी तुम्ही फोन केलात तर तो टिकतो.

होस्ट कधी बदलावा? पडल्याचं कारण विचारल्यावर दोनदा नुसतं ‘तांत्रिक अडचण होती, आता सुटली’ एवढंच उत्तर आलं तर. तिकिटाला माणसाचं पहिलं उत्तर यायला तासन्‌तास लागत असतील तर. तुमचा वापर मर्यादेच्या कितीतरी आत असताना साईट रोज ठराविक वेळी मंदावत असेल तर. तिथे एका सर्व्हरवर प्रमाणाबाहेर खाती कोंबलेली असण्याची शक्यता मोठी. नवा होस्ट निवडताना त्याच्या जाहिरातीतले नऊ मोजत बसू नका. सुट्टीच्या दिवशी रात्री एक नीट तांत्रिक प्रश्न पाठवा आणि उत्तर कधी, कसं येतं ते पाहा. डोमेन मात्र होस्टपासून वेगळ्या ठिकाणी ठेवा, म्हणजे भांडण झालं तरी नाव तुमच्या हातात राहतं.

हलवताना डीएनएसचा टीटीएल (जुना पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा ती मुदत) आदल्या दिवशीच ३०० सेकंदांवर आणा. आधी तो २४ तासांचा असेल तर ते २४ तास उलटल्यावरच पुढचं पाऊल. नव्या सर्व्हरवर साईट आपल्या संगणकाच्या होस्ट्स फाईलमध्ये नवा पत्ता लिहून उघडून चेकआउटपर्यंत तपासा, अदलाबदलीच्या वेळी जुन्या साईटवर ऑर्डरी थांबवा, आणि जुनं खातं निदान महिनाभर चालू ठेवा. मेल त्याच होस्टवर असेल तर मेलबॉक्स आणि एमएक्स नोंदी (मेल कुठे पोचवायचे ते सांगणाऱ्या) आधी हलवा. साईट नीट गेली आणि मेल हरवले, हे फार जणांचं होतं.

पण हे सगळं नंतर. आज लॉगिन करून त्या दिवसाचा एरर लॉग (चुकांची नोंद) आणि ॲक्सेस लॉग (आलेल्या विनंत्यांची नोंद) उतरवून घ्या, कारण शेअर्ड होस्टिंगवर जुने लॉग काही दिवसांत आपोआप पुसले जातात. सोबत पॅनेलमधल्या संसाधनांच्या वापराच्या आलेखाचा स्क्रीनशॉट घ्या. त्यात प्रक्रियांची रेघ साडेतीन तास मर्यादेला टेकलेली दिसली तर प्लगइन शोधा. रेघ शून्यावर असेल आणि ॲक्सेस लॉगमध्ये तेवढ्या वेळात एकही ओळ नसेल, तर विनंत्या तुमच्यापर्यंत पोचल्याच नव्हत्या. डोमेन-डीएनएस ठीक असल्याची खात्री करून घ्या, आणि मग तो लॉग जोडून होस्टला लेखी कारण मागा.